तिकिटाचं यंत्र आणि माझी पाठ

पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे मेजावर वस्तू मांडतात, जी उचलेल तसं त्याचं नशीब; माझ्या नातीनं पेन्सिल उचलली, त्याच वर्षी मी अक्षरं शिकले. तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांची होते. त्याच वर्षी आमच्या बस स्थानकातली तिकिटाची खिडकी बंद झाली आणि यंत्र आलं.

माझी धाकटी बहीण मालसुक सुनचन शहरात राहायची, बसनंच जावं लागे. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. मी गेले तरच भेट. आणि मी तीनदा यंत्रापर्यंत जाऊन परत आले होते.

थंडी पडायच्या सुमारास हे-इन नावाची मुलगी आली. माणसं वस्तू कशा वापरतात ते बघायचं, हेच तिचं काम. तिनं तसंच एक यंत्र गावच्या बैठकघरात मांडलं. आम्ही म्हाताऱ्यांनी भराभर तिकिटं काढली.

"मग स्थानकात काय होतं, आजी?"

"गुडघे दुखतात," मी ठोकून दिलं.

"गुडघ्यांनी बटणं दाबतेस होय गं?" शेजारची बुन्ये खिदळली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हे-इन स्थानकात कोपऱ्यात बसून होती. मी यंत्रापुढे उभी राहिले. मागे कुणाचे तरी बूट वाजले. मी लगेच बाजूला झाले. "तुम्ही घ्या आधी, मला घाई नाही." असे सहा जण पुढे गेले. बसही गेली.

हे-इन जवळ आली. "आजी, तुमचं अक्षरांपाशी नाही अडत. मागे माणूस आला की अडतं."

"अगं पोरी, आपल्यापायी दुसऱ्याला ताटकळत ठेवायचं?"

"सकाळपासून अकरा आज्या अशाच बाजूला झाल्या."

अकरा! मला वाटायचं, मी एकटीच भित्री.

महिन्याभरात तिनं यंत्र फिरवून घेतलं. त्याच्यापुढे खुर्ची, खुर्चीमागे भिंत. वाट बघणाऱ्यांना लांब शेगडीजवळ बाक.

मी खुर्चीत बसले. बाकावरून बुन्ये ओरडली, "पाहुणीसारखी बसलीस की! आता चहा माग त्याच्याकडे!" सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता तिकीट बाहेर आलं. सवयीनं मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि यंत्राला वाकून नमस्कार केला.

मालसुकनं दार उघडलं. "कुणी आणलं तुला?"

"माझी मी आले."

"थापा!"

मी तिकिटाचा उरलेला तुकडा काढला आणि वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

पुढे दर बाजाराच्या दिवशी मी तिच्याकडे गेले. मालसुक दुसऱ्या वर्षी, पाचव्या महिन्याच्या नऊ तारखेला वारली.