चार चौकटींसाठी

नवऱ्याचा, दीपकचा फोन आला तेव्हा सारिकाने ओढणी टेबलावर पसरली होती आणि कुठे कापायचं त्याच्या रेघा खडूने मारत होती.

"ते लोक शिरपूरहून निघालेत," दीपक धुळ्याहून बोलत होता. "रोहिदास आणि त्याची काकू. ओढणी परत पाहिजे म्हणे. ते पोचायच्या आत कापून टाक. एकदा चार तुकडे झाले की विषय संपला."

"घेतलेले पैसे परत देतायत ना ते?"

"मी चार गिऱ्हाइकांना शब्द दिलाय. काप आणि मला फोटो टाक."

मेहरूण भागातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत सारिका आधी ब्लाऊज शिवायची. मग दीपक तांड्यातांड्यांवर फिरून बायकांनी हाताने भरलेली जुनी कापडं आणू लागला. सारिका ती कापून काचेच्या चौकटींत बसवी आणि संग्राहक ती दिवाणखान्यात लावत. आख्खं कापड कुणाच्या भिंतीवर मावत नाही, असं दीपक म्हणायचा. सारिकालाही ते पटलं होतं. येणारी कापडं बहुतेक कसर लागलेली, उंदरांनी कुरतडलेली असत. ट्रंकेत कुजण्यापेक्षा काचेखाली तरी टिकतील.

ही ओढणी मात्र कुठेच फाटलेली नव्हती.

आणि सकाळी रोहिदासने स्वतः तिला फोन केला होता. "ताई, माझी चूक झाली. नानीबाई काकू ऊसतोडीला गेली होती, मी तिच्या ट्रंकेतून काढून दिली. आमच्या तांड्यातली प्रत्येक नवरी हीच डोक्यावर घेते. परवा लग्न आहे. हात लावू नका, आम्ही येतोय."

ती हो म्हणाली होती.

पुन्हा दीपकचा फोन. "झालं?"

"खडू लावतेय."

"सकाळपासून खडूच लावतेस? हे घर कशावर चाललंय ते ठाऊक आहे ना?"

तिने फोन ठेवला. रस्त्यावर रिक्षाचा आवाज आला की ती खडू ठेवून दाराकडे बघायची. रिक्षा पुढे गेली की वाटायचं, ते लोक आले असते तर मी सुटले असते. शेवटी तिने एक तोड काढली. एकच कोपरा कापायचा, त्याचा जवळून फोटो पाठवायचा. दीपक गप्प बसेल, आणि बाकीची ओढणी वाचेल.

तीन कोपरे आरशांनी आणि कवड्यांनी गच्च भरलेले होते. चौथा जवळपास मोकळा, नुसतं लाल कापड. तिथे नुकसान कमी. तिने कात्री लावली. जुनं कापड इतकं मऊ होतं की आवाजसुद्धा झाला नाही.

फोटो गेला. दीपकने लगेच अंगठा पाठवला.

दुपार कलता नानीबाई आली, मागे रोहिदास. म्हातारी दारातच चपला काढून सरळ टेबलाशी गेली. आधी तिने ओढणी उचलली, मग बाजूला पडलेला तुकडा. तो तिने कापलेल्या कडेला लावून पाहिला.

"कोनी कापी?"

रोहिदास काही बोलणार होता, पण सारिकाच म्हणाली, "मी. मोकळा कोपरा होता म्हणून. बाकी सगळी तशीच आहे."

"मोकळा नही," नानीबाई म्हणाली. "लगीन झाया की नवरी एक आरसा लावस. पुढल्या नवरीसनी जागा शे ती."

सारिकाने दोऱ्याचं रीळ हाती घेतलं. "बसा थोडं. मी आत्ता जोडून देते. सांधा दिसणार नाही."

"तू हात नको लावू. आम्ही शिवसूत."

रोहिदासने पैसे टेबलावर ठेवले. तो सारिकाकडे बघायचं टाळत होता, तीही त्याच्याकडे बघत नव्हती. नानीबाईने तुकडा ओढणीच्या आत घेतला, घडी छातीशी धरली आणि पाणीही न पिता निघाली.

ओढणी परत गेल्याचं फोनवर कळल्यामुळे संध्याकाळी दीपक आला तो ओरडतच. तिने पाठवलेला तुकड्याचा फोटो त्याने गिऱ्हाइकांना पाठवून टाकला होता.

"उद्यापासून हे काम भटू टेलरला देतो," तो म्हणाला.

"द्या. माझ्या टेबलावर आख्खं कापड पुन्हा आणू नका. फाटकं असेल तर मी बसवीन."

"फाटकं कोणतं, हे तू ठरवणार?"

फाटकी म्हणून आजवर जी कापडं कापली, त्यांच्या मालकिणींना तरी तिने कुठे विचारलं होतं?

उरलेल्या कापडांचं सगळं गाठोडं भटूकडे गेलं. सारिकाने पुन्हा ब्लाऊज शिवायला घेतले. लग्नात ती ओढणी नवरीच्या डोक्यावर गेली की नाही, हे विचारायला तिने रोहिदासचा नंबर कितीदा काढला, पण फोन काही लावला नाही.