सोळा बाय अकरा

सुनेत्रा जाऊन तीन महिने झाले होते आणि आमच्या घरातल्या सोफ्यावर कोणी बसत नव्हतं. शेवटचे पाच महिने ती त्यावरच पडून असायची. तिथून तिला टीव्ही, स्वयंपाकघर आणि आम्ही काय काय चुकीचं करतोय ते एकाच वेळी दिसायचं. ती गेल्यावर मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागलो. आमची मुलगी ईश्वरी तिच्या खोलीत बसायला लागली. दुबईत अल कुसैसच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोन माणसं, आणि एकमेकांना एसएमएस करायचो. मी विचारायचो, "डिनर?" तिचं उत्तर यायचं, "लेटर." मध्ये एक भिंत होती. मंदीत टेलिफोन कंपनीला आमचा तेवढाच आधार.

ईश्वरीची बारावी झाली होती. जूनमध्ये ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती. त्याआधी तिने रोज अर्धा तास माझ्याजवळ येऊन बसावं, एवढीच माझी इच्छा होती. बोललंच पाहिजे असंही नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या विष्णूच्या मते दोष सोफ्याचा होता. जिथे आई आजारपणात पडून होती तिथे पोरगी कशी बसेल, तू तो सोफा बदल, असं तो म्हणाला. विष्णूकडे कशावरही सल्ला तयार असतो. फक्त २००८ मध्ये डाउनटाउनच्या आसपास फ्लॅट बुक करू नये, हा सल्ला त्याला स्वतःला वेळेवर मिळाला नाही.

मी क्वांटिटी सर्व्हेअर. टॉवरला काँक्रीट किती लागेल, सळई किती लागेल हे मोजायचं. क्रॅशनंतर टॉवर थांबले, क्रेन जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या आणि माझा पगार सत्तर टक्के झाला. म्हणून राहिलेल्या तीस टक्के वेळात मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर सोफे बघायला सुरुवात केली.

जुन्या सामानाच्या जाहिरातींची एक वेबसाइट होती. अर्धी दुबई तिथे आपले हॉल मांडून बसली होती. प्रत्येक सोफा 'जवळजवळ नवा' होता. काही तर इतके नवे, की मधोमध एका वजनदार माणसाचा खड्डा फोटोतही दिसायचा. कुणाच्याच घरात कोणी सिगारेट ओढत नव्हतं, टेबलावर ॲशट्रे असला तरी. सगळे 'देश सोडत असल्यामुळे' विकत होते, आणि सगळ्यांना आपला सोफा चांगल्या घरी पडायला हवा होता, मुलीबद्दल म्हणतात तसं. एकाने सोफ्याबरोबर फिश टँक फुकट ठेवला होता, मासे धरून. माशांना व्हिसा लागत नाही हे त्यांचं नशीब.

आठवडाभर बघून मी एक करड्या रंगाचा एल-शेप निवडला. अबू धाबीजवळ, खलिफा सिटीतला. नऊशे दिरहम, म्हणजे अकरा हजार रुपये. हा गुणाकार सुनेत्रा मोठ्याने करायची. तो मी केला, तोही मोठ्याने. विष्णूने वळून बघितलं.

मग माप. माझ्या पाकिटात एक कागद असतो. त्यावर सुनेत्राच्या अक्षरात लिहिलं होतं, हॉल सोळा बाय अकरा. सोफा साडेदहा बाय सात. व्यवस्थित बसत होता. मापं घेणं हा माझा वीस वर्षांचा धंदा, त्यामुळे पुन्हा टेप लावायची गरज वाटली नाही.

मी ईश्वरीला एसएमएस केला, नवा सोफा घेऊ का? उत्तर आलं, "के." एका अक्षराचा होकार. ठेकेदाराने असं लिहून दिलं असतं तर मी फाइल परत पाठवली असती. पोटच्या पोरीचा म्हणून मंजूर केला.

सोफा विकणाऱ्या बाईंचं नाव सायरा. हैदराबादच्या. नवरा आर्किटेक्ट, त्याची कंपनी खलास. शनिवारचं विमान होतं. व्हिला रिकामा झाला होता आणि फ्रेम काढलेल्या जागी भिंतीवर पांढरे चौकोन दिसत होते. कप पॅक झाले म्हणून त्यांनी मला कागदी ग्लासात चहा दिला आणि सोफ्यावर बसून बघायला सांगितलं. बसलो. चांगला होता. खड्डा नव्हता. त्यांनी विचारलं, घरी माणसं किती?

"तीन," मी म्हणालो.

मग तुम्हाला अगदी बरोबर होईल, असं त्या म्हणाल्या. मी चहा पीत राहिलो. दुरुस्ती केली नाही.

शुक्रवारी जहूर त्याच्या पिकअपमध्ये तो सोफा घेऊन आला. आमच्या भागात सामान हलवायचं असलं की लोक त्यालाच फोन करतात. बरोबर त्याचा मेहुणा होता. जुना सोफा जहूरला द्यायचा, असं मी फोनवरच ठरवून टाकलं होतं. ईश्वरी क्लासला गेली होती. ती येईपर्यंत सगळं उरकेल असा माझा अंदाज होता. अंदाजपत्रक बनवण्याचाही मला वीस वर्षांचा अनुभव आहे.

त्यांनी आधी जुना सोफा बाहेर काढून कॉरिडॉरमध्ये लिफ्टजवळ भिंतीला लावला. तो उचलला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ बंद आहे का ते बघितलं. मग नव्याचा लांब भाग तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने वर आला, दारातून अर्धा आत गेला आणि अडकला. एक टोक घरातल्या भिंतीला, दुसरं टोक बाहेर. पुढेही नाही, मागेही नाही. समोरच्या प्रभावती आंटींनी दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं.

जहूरने घाम पुसला. "भाईसाब, नापा था?"

मी त्याला कागद दाखवला. त्याने विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, हॉल सोळा बाय अकरा.

"अंदर तो बारह फुट भी नहीं है. मैं अभी चल के आया ना."

मी कागद उलटा केला. मागे लिहिलं होतं, बाणेर, बी ६०४.

पुण्यात बाणेरला आमचा फ्लॅट आहे. आठ वर्षं कुलूपबंद. आणि तो नव्हता तेव्हाही, तो घेतला की त्यात बसेल असंच सगळं आम्ही घ्यायचो. इथे काय, आज आहोत उद्या नाही, असं सुनेत्रा म्हणायची. दोन वर्षांत परत जायचं, हे आम्ही सोळा वर्षं म्हणत होतो. म्हणून इथल्या फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही आणि पडदे दोन वेळा दुमडलेले आहेत. बाणेरच्या खिडकीला ते बरोबर होतील. ज्या हॉलमध्ये आम्ही रोज बसत होतो त्याचं माप घ्यावं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. त्यातला एक तर मापाचाच पगार घेत होता.

जहूर म्हणाला, सुतार आणतो, चौकट काढावी लागेल, पाच मिनिटं. आणि मेहुण्याला घेऊन खाली गेला.

दहा मिनिटांनी लिफ्ट उघडली आणि ईश्वरी बाहेर आली.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"सोफा."

"आय कॅन सी दॅट. आत कसं जायचं?"

मी सांगितलं, सुतार येतोय, पाच मिनिटं. ती इथेच वाढली आहे, इथल्या पाच मिनिटांचा अर्थ तिला कळतो. मे महिना, कॉरिडॉरमध्ये एसी नाही. तिने खांद्यावरची बॅग काढली आणि ठेवायला जागा शोधताना तिला भिंतीजवळचा जुना सोफा दिसला.

"अँड धिस वन?"

"जहूरभाई नेणार."

"नेणार म्हणजे?" ती माझ्याकडे बघत राहिली. "यू सेड न्यू सोफा. हा जाणार असं कुठे म्हणालास?"

"तू बसत नव्हतीस त्यावर. म्हटलं, तुला बघवत नसेल."

"तू बसत नव्हतास. नेक्स्ट डे यू गॉट दॅट प्लास्टिक चेअर. आय थॉट नोबडीज अलाउड."

दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी आणली होती खुर्ची. पण ती दुरुस्ती करून काही साधलं नसतं.

ती बसली. सुनेत्राचे पाय असायचे त्या बाजूला. तिने कापडावरून हात फिरवला, मग दोन गाद्यांच्या फटीत बोटं घालून एक केसांची क्लिप काढली. बघितली आणि मुठीत धरली. मी नव्या सोफ्याला टेकून उभा होतो.

"बस ना," ती म्हणाली. "की इथेपण खुर्ची आणतोस?"

मी बसलो. मग तिने विचारलं, नवा केवढ्याला घेतला? सांगितलं. तिने मनात गुणाकार केला आणि म्हणाली, आईने तुला मारलं असतं. मी म्हटलं, मारलं नसतं, पण दर दिवाळीला पाहुण्यांना सांगितलं असतं. ती हसली आणि हसता हसता रडली. मी रुमाल दिला. त्याला सकाळपासूनचा घाम होता. तिने तो तसाच वापरला.

जहूर पाऊण तासाने सुताराला घेऊन आला. सुताराने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, चौकट कशाला, सोफ्याचे पाय काढा. चार स्क्रू. तेवढ्याने तो निघाला.

"बोलो भाईसाब," जहूर म्हणाला, "अंदर डालूँ?"

मी ईश्वरीकडे बघितलं.

"नहीं अंकल," ती म्हणाली. "वो आप ले जाओ."

जहूरने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्याच्या खोलीत आठ जण राहतात आणि एकही खुर्ची नाही. त्याने डोळे मिटून कसलासा हिशोब केला आणि म्हणाला, दरवाजाकडून उभा घेतला तर बसेल. त्याला स्वतःच्या खोलीचं माप पाठ होतं. दोघांनी नवा सोफा उचलला आणि जिन्याकडे नेला. जुना आत ठेवायला अर्ध्या तासात परत येतो, असं जहूर सांगून गेला.

दार मोकळं झालं. आतून एसीची थंड हवा येत होती. ईश्वरीला आता तिच्या खोलीत जाता आलं असतं. ती उठली नाही, आणि मीही तिला सांगायला गेलो नाही.