न खेळलेल्या अकरा खेळ्या

आमच्या लोड्झ शहरातल्या चहाघरात बुद्धिबळ शिकणाऱ्याला आधी छोटे डाव पाठ करावे लागतात. लेगालने वजीर मरू दिला आणि सातव्या खेळीला मात केली. मॉर्फीने पॅरिसच्या ऑपेरात, समोर गाणं चालू असताना, एका ड्यूकला सतरा खेळ्यांत गार केलं. असले डाव आम्ही दातात धरलेला साखरेचा खडा विरघळायच्या आत पटावर मांडून दाखवतो. चार-चार तास झुंजून जिंकणाऱ्याला लोक मान देतात आणि घरी जाऊन विसरतात. छोटा डाव ज्याचा, त्याचं नाव मात्र राहतं.

माझं नाव राहावं असं मला फार वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

मी आन्शेल. बुद्धिबळ शिकवून पोट भरतो. शहरातल्या पहिल्या तीन-चार जणांत मला मोजत, पण लक्षात राहील असा छोटा डाव काही माझ्या हातून घडला नाही. शेवटी एका आठवड्यात मी घरीच बसून तो घडवला. पांढऱ्याच्या खेळ्याही माझ्या, काळ्याच्याही माझ्याच. वजीर दिला, हत्ती दिला आणि अकराव्या खेळीला दोन उंटांनी दोन बाजूंनी राजाला मात. वॉर्सातल्या साप्ताहिकाकडे पाठवताना वर लिहिलं, ‘आन्शेल विरुद्ध एक हौशी’. हरणाऱ्याचं नाव झाकायची आमच्यात पद्धतच आहे, बिचाऱ्याची शोभा नको म्हणून. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. डाव व्हिएन्नात छापला गेला, बर्लिनमध्ये छापला गेला.

दोन वर्षांनी त्या साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र आलं. उस्तादांच्या गाजलेल्या छोट्या डावांचं पुस्तक ते काढणार होते. ‘आपला डाव घ्यायचाच आहे, पण पुस्तकात निनावी कुणी नको. समोर कोण होतं आणि कोणत्या दिवशी, एवढं कळवा.’

ते पत्र तीन दिवस माझ्या कोटाच्या खिशात होतं. ऐऱ्यागैऱ्याचं नाव देऊन चाललं नसतं, त्याला हरवण्यात काय मोठेपणा? चौथ्या दिवशी मी लिहिलं, ‘गेत्सल लुबार्स्की’. तारीख दिली ६ फेब्रुवारी १९०६. का? हिवाळ्यात चहाघर भरलेलं असतं, एवढाच विचार. जन्म, मरण, लग्न, सगळं आम्हा ज्यूंना आठवतं ते आमच्या पंचांगातल्या महिन्यांनी. सरकारी तारखा कचेरीपुरत्या.

गेत्सल हातमोजे कापणारा कारागीर. एका प्याद्यासाठी अर्धा तास विचार करणारा, सहजी न हरणारा. लोक म्हणत, गेत्सलशी खेळायचं तर जेवण सोबत आणावं. पण आमच्या विणकरांच्या प्रार्थनाघरात प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या उपासाला, सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाणारा तोच, वीस वर्षं. मला सुरात सांगितलेल्या प्रवचनांचं वेड. चांगला प्रवचनकार आला असं कळलं की मी दोन-दोन गावं चालत जातो. पण माझ्या छातीतली गाठ जर कुणाच्या आवाजाने सुटत असेल, तर ती गेत्सलच्या.

१९०९च्या उन्हाळ्याअखेर पुस्तक आलं. नोते दातवाल्याने ते चहाघरात टेबलावर उभं राहून वाचून दाखवलं.

“ऐका हो! पान बेचाळीस, मॉर्फीच्या शेजारी आपला आन्शेल! आणि मात कुणावर? गेत्सल लुबार्स्की, अकरा खेळ्या! अरे गेत्सल, अकरा खेळ्यांत तर तुझा चष्मासुद्धा पुसून होत नाही!”

वीस माणसं खो खो हसली. गेत्सलने माझ्याकडे पाहिलं. मी ग्लासातल्या चहाकडे पाहत होतो.

“त्या दिवशी घाईत होतो,” गेत्सल म्हणाला. “बायकोने कोबी आणायला पाठवलं होतं.”

“म्हणजे खरंच हरलास?”

“छापलंय ना? मग हरलो असेन. दाखव तरी, कसा हरलो ते मलाही पाहू दे.” आणि पटावर तो डाव पाहून तो मनापासून म्हणाला, “सुंदर आहे रे, आन्शेल.”

मी ते कौतुक घेतलं. मान हलवली आणि घेतलं.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण नोतेने ते पुस्तक प्रार्थनाघरातही नेलं, आपल्या गाणाऱ्याचं नाव छापून आलंय म्हणून. तिथले कारभारी इचल, मानाने रेब इचल, बारीक नजरेचे म्हातारे. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं, भिंतीवरच्या जुन्या पंचांगांच्या चळतीतून एक काढलं आणि बराच वेळ बोटांवर मोजलं. शेवात महिन्याचा अकरावा दिवस. गेत्सलचे वडील नवव्याला गेले होते. म्हणजे शोकाच्या सात दिवसांतला तिसरा दिवस; ज्या दिवसांत मुलाने बुटक्या स्टुलावर बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही, मग चहाघर आणि खेळ तर सोडाच.

“सकाळ-संध्याकाळ आम्ही दहा जण त्याच्या घरी प्रार्थनेला होतो,” रेब इचल म्हणाले. “दुपारी तो कुठे होता, कुणाला ठाऊक? गेत्सल, हा डाव तू खेळलास?”

गेत्सल चष्मा काढून पुसू लागला.

“वीस माणसांपुढे हो म्हणालास, असं ऐकतो.”

“म्हणालो.”

“मग यंदा प्रायश्चित्ताच्या दिवशी पुढे उभं राहण्यासाठी दुसरा माणूस बघावा लागेल.”

हे मला नोतेनेच सांगितलं, आणि सांगताना त्याचाही चेहरा पडला होता. मी तडक गेत्सलच्या दुकानात गेलो. दारातच त्याची बायको फ्रायडल भेटली. तिने मला बसा म्हटलं नाही.

“रेब आन्शेल, त्यांचा सणाचा पांढरा झगा धुवायला काढू की नको, तेवढं सांगा. दरवर्षी याच आठवड्यात काढते.”

“फ्रायडल, आत जा,” गेत्सल म्हणाला.

“जाते. पण माझा सासरा मेला तेव्हा हा माणूस तीन पावलंसुद्धा घराबाहेर पडला नव्हता, हे मला ठाऊक आहे. आणि रेब आन्शेलनाही ठाऊक असावं.” ती गेली.

“तू ‘नाही’ असं का म्हणाला नाहीस?” मी विचारलं.

“तुझं तोंड पाहिलं. पिठासारखं पांढरं झालं होतं. म्हटलं, एक डाव हरलो तर माझं काय जातंय? तारीख कुठे वाचली होती मी!”

“मग आता सांग त्यांना.”

“काय सांगू? आन्शेल लबाड आहे म्हणून? ते माझ्या तोंडून निघायचं नाही.” त्याने खडू उचलला. “हात ठेव इथे. थंडी येईल आता, तुझे मोजे फाटलेत.” आणि माझा पंजा कातड्यावर ठेवून तो शांतपणे बोटांभोवती रेघ ओढू लागला. तो हात मला तिथेच सोडून पळावंसं वाटलं. बाहेर पडलो, तरी मी कुणाला काही सांगितलं नाही. दोन दिवस नाही.

शनिवारी दुपारी कुट्नोचे प्रवचनकार रेब झाव्हल आले. मी नेहमीसारखा पुढच्या बाकावर. त्यांनी डोळे मिटून तो त्यांचा रडवा सूर धरला. एक धान्याचा व्यापारी मरून स्वर्गाच्या पायऱ्या चढतोय. पाय हलके, अंग हलकं. म्हणतो, पाहा, माझ्या पाठीवर पापाचा दाणा नाही! देवदूत म्हणतो, मागे बघ. मागे एक हमाल, गुडघ्यापर्यंत वाकलेला, पाठीवर पोतं, पायरीपायरीला थांबतोय. ‘हे कुणाचं ओझं?’ इथे रेब झाव्हलांनी सूर इतका खाली आणला की मागचे लोक उभे राहिले. ‘तुझंच रे बाबा, तुझंच. तू टाकून आलास, वाटेत राहू नये म्हणून त्याने उचललं.’

बायकांच्या बाजूने हुंदका आला. दरवेळी अशा जागी मीही रडतो आणि रडून बरं वाटतं. त्या दिवशी रडू आलं नाही. मला माझ्या सगळ्या जुन्या रडण्याचीच लाज वाटली.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर, सणापूर्वी महिनाभर रोज फुंकतात ते शिंग फुंकून झाल्यावर, मी लोकांना थांबवलं. “डाव कुणीच खेळलेला नाही. मी घरी बसून रचला. गेत्सलचं नाव मी घातलं, तारीखही मीच बनवली.”

रेब इचलांचे डोळे भरून आले. “मित्रासाठी एवढं करतोस, आन्शेल? देव तुझं भलं करो. पण मैत्रीतलं खोटं मी धरणार नाही.”

लोक माझ्याकडे आदराने पाहू लागले. याहून वाईट काय व्हायचं होतं? मी खिशातून एक घडी केलेला छापील कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. ग्रोडनोच्या क्लबच्या स्पर्धेचा तक्ता. फेब्रुवारीची पाच ते नऊ, १९०६. दहा खेळाडू. नववा आन्शेल, म्हणून हा कागद मी कधी कुणाला दाखवला नव्हता.

“त्या आठवड्यात मी या शहरातच नव्हतो,” मी म्हणालो. “म्हणून गेत्सलच्या वडिलांच्या शोकालाही आलो नाही.”

“तू तर तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला गेलो होतो म्हणालास!” मागून नोते ओरडला. “मी तिच्यासाठी खसखशीचा केक पाठवला होता!”

“केक मी खाल्ला, नोते.”

कुणी हसलं नाही. रेब इचलांनी तक्ता दोनदा वाचला, घडी घालून परत दिला, आणि सरळ गेत्सलपाशी जाऊन त्याचे दोन्ही हात धरले.

संपादकांना मी सगळं लिहिलं. उत्तर आलं: प्रती विकल्या गेल्या, पुढच्या आवृत्तीत पाहू, पण डाव खरोखर फार देखणा आहे. नवे शिकणारे अजून तो माझ्यापुढे मांडतात, कौतुकाने. प्रत्येकाला मी सांगतो. प्रत्येकाचा चेहरा तसाच बदलतो.

प्रायश्चित्ताच्या आदल्या संध्याकाळी सूर्य गिरण्यांच्या धुरांड्यांमागे उतरत होता. प्रार्थनाघर भरलं होतं. गेत्सल पांढऱ्या झग्यात पुढे उभा राहिला. गाणाऱ्याच्या दोन बाजूंना दोन वडीलधारी माणसं उभी राहतात. तो एकटा पडू नये म्हणून. उजवीकडे रेब इचल होते. डावी जागा रिकामी. मी दारापाशी, भिंतीला पाठ लावून.

गेत्सल वळला आणि त्याने मला बोटाने खूण केली.

मी मान हलवून नाही म्हटलं. तो थांबून राहिला. सूर्य खाली चालला होता. अंधार व्हायच्या आत सुरुवात व्हायला हवी, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक वळून वळून पाहू लागले. “जा की रे,” नोते दात आवळून म्हणाला, “आता काय आम्हाला उशिराचंही पाप लावणार आहेस?”

मी गेलो. प्रत्येक बाकावरचा माणूस पाय आखडून मला वाट देत होता, आणि प्रत्येकाला मी काय केलं ते माहीत होतं. गेत्सलच्या डावीकडे उभा राहिलो. रेब इचलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग गेत्सलने डोळे मिटले आणि पहिला सूर लावला, अगदी हळू. आणि त्याच्या बाहीला माझी बाही लागत होती, तरी मला नजर वर उचलता येईना.