अर्जाचा सत्कार

आमच्या कोल्हापुरात सत्कार व्हायला माणसानं काही करून दाखवावं लागतं असं नाही. करायचं मनात आणलं तरी पुरतं. १९९९ साली, बारावीत असताना, मी एक अर्ज भरला आणि त्या अर्जाचाच सत्कार झाला. अजून आठवलं की डोकं तापतं.

अर्ज बंगळूरच्या एका शिष्यवृत्तीचा होता. पुढं विज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या मुलांना शिकायला पैसे मिळणार आणि सुट्टीत मोठ्या प्रयोगशाळेत काम. मला हवी होती ती प्रयोगशाळा. अर्जासोबत स्वतः केलेल्या प्रयोगाचा अहवाल जोडायचा होता. माझा प्रयोग कुरुंदवाडच्या मामाच्या गुऱ्हाळावरचा. उसाचा रस उकळताना त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, म्हणजे मळी वर येते आणि गूळ साफ निघतो. किती रसाला किती भेंडी, हे गूळ करणारा ज्ञानू नुसत्या अंदाजानं ठरवायचा. मी सगळा हंगाम वजनकाटा घेऊन त्याच्या मागं. "काट्याला काय कळतंय, पोरी?" असं म्हणायचा आणि चोरून काटाही बघायचा.

अहवाल चांगला झाला होता. अर्ज वीस ऑगस्टला, शुक्रवारी, बंगळूरला पोचायचा होता आणि राहिली होती फक्त प्राचार्यांची सही. मी अकरा दिवस आधीच त्यांच्यासमोर अर्ज ठेवला.

"असं उभ्या उभ्या सही करू व्हय?" प्राचार्य गणपतराव म्हणाले. "कॉलेजातनं पयला अर्ज निघालाय बंगळूरला. चार लोकांत झालं पायजे की. चेअरमनसाहेबांना बोलवूया."

संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी गुरुवार दिला. गुरुवारी ते जोतिबाला नवस फेडायला गेले. मग शनिवार दिला, त्या दिवशी त्यांना कुणाचं तरी बारसं निघालं. शेवटी मंगळवार ठरला, सतरा तारीख. घरी मी रडकुंडीला आले, तर माझे वडील आप्पा म्हणाले, "टपाल काय पळून जातंय व्हय?" आप्पांचं गुळाचं दुकान. त्यांनी माझ्यासाठी गुलाबी फेटा आणून ठेवला होता. आमची अव्वा, म्हणजे आई, तेवढी एक शहाणी. "आदी अर्ज धाडा, मग काय नाचायचं ते नाचा," ती म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही.

खोटं कशाला बोलू, मीही ऐकलं नाही. फेटा मी आरशासमोर दोनदा बांधून बघितला होता.

चौकात तालमीच्या पोरांनी बोर्ड रंगवायला घेतला. पेंटर बाळासो शिडीवर उभा राहून लिहीत होता : 'भावी शास्त्रज्ञ कु. सौंदर्या हिची बंगळूरला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

"अजून निवड न्हाय झाली," मी खालून म्हणाले.

"हुणारच की. मग परत पुसून कोण लिवत बसणार?"

मंगळवारी स्टेजवर पितळी ताटात नारळाशेजारी माझा अर्ज ठेवला होता. चेअरमनसाहेब तासभर रॉकेटवर बोलले. भेंडीचं कुणी विचारलं नाही. मग गणपतरावांनी सही केली. फोटोग्राफरचा फ्लॅश पेटला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा नुसताच पेन टेकवून हसून दाखवलं. टाळ्या संपल्यावर मी अर्ज घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी तो आपल्या फायलीत ठेवला.

"फोटू जोडून पाठवूया. त्यानं वजन पडतंय."

फोटो गुरुवारी दुपारी धुऊन आले. अर्ज हातात पडला तशी मी पोस्टात पळाले.

महिन्यानं माझंच पाकीट परत आलं. मुदतीनंतर पोचल्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही, एवढी एक ओळ. अहवाल त्यांनी वाचलाच नव्हता. मी घातलेली टाचणी जशीच्या तशी होती. फोटोही परत आला होता, त्यात मी फेट्यात हसत होते. त्या दिवशी मी अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. अव्वा 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही.

बोर्ड मात्र दोन वर्षं चौकात होता. दुधवाला रोज विचारायचा, "बंगळूरला कवा निघालीस?" मी इथंच बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, आणि त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागले.

२००८ साली अकरावीतली सई तोच अर्ज घेऊन माझ्याकडं आली. रंकाळ्याच्या पाण्यावर तिनं चांगलं काम केलं होतं. मी तिला घेऊन तडक प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य आता नवे होते. चहा पीत होते.

"छान छान. मग चार लोकांत एखादा..."

"सर, इथं," मी म्हणाले आणि पेन त्यांच्या हातात दिलं. बशी बाजूला सरकवून त्यांनी सही केली. शाई वाळायच्या आत मी अर्ज पाकिटात घातला आणि स्कूटर काढली. सई मागं बसली.

"मॅडम, सत्कार कधी?" अर्ज रजिस्टर करून बाहेर येताना पोस्टाच्या दारात तिनं विचारलं.

"निवड झाल्यावर."

"पण पप्पांनी फेटा आणलाय," ती म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. मी पावती तिच्या हातात दिली आणि ती नीट घडी घालून दप्तरात ठेवेपर्यंत थांबले.