हा बार माझा नाही

बार झाला तेव्हा प्यो मानसोकच्या मका-तांदूळ फुगवायच्या यंत्राचं तोंड उघडं होतं, आणि ते आधी घट्ट बंद असल्याशिवाय बार निघत नाही. मी त्याच्या शेजारीच बसत असे, टोफूच्या फळ्या मांडून, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. आधीच्या घाण्यातला फुगलेला मका त्याने जाळीतून गोणीत ओतला होता आणि लोखंडी भांडं जाळावरून बाजूला घेऊन तो ते आतून खरवडत होता.

पण हे मी पाहिलं नंतर. आधी बोलले.

माझ्यापुढे बोंग्रे उभी होती, पाठीला लेक बांधलेली. तिचा नवरा गिल्मो सकाळच्या पाळीला खाणीत उतरला होता. त्या आवाजाने तिचा चेहरा पांढराफटक पडला. जमिनीतून हादरा येऊन माझ्या फळीवरचं पाणी थरथरलं होतं. मी टोफू कापता कापता, प्योकडे मान न वळवता म्हटलं, "अगं, प्योचं यंत्र. ओरडायला विसरला म्हातारा."

"मेला हा प्यो!" बोंग्रे हसली. "कधीतरी जीव घेईल माझा. दे, तो कोपऱ्यातला तुकडा दे, जरा मोठा आहे."

मग मी मान वळवली, आणि ते उघडं तोंड मला दिसलं.

आमच्या चोल्गोकमध्ये प्योला त्याच्या आरोळीवरून ओळखत. त्याने हे यंत्र आणलं त्या पहिल्याच बाजाराला पहिला बार उडाला आणि निम्म्या बायका अनवाणी खाणीच्या फाटकाकडे धावत सुटल्या. परत आल्या त्या चपला, काठ्या, हाताला लागेल ते घेऊन. तेव्हापासून प्रत्येक घाण्याला तो आधी पत्र्याचं झाकण बडवायचा, उभा राहायचा आणि तीनदा ओरडायचा, "फुटतंय होऽऽ!" बायका कानांवर हात ठेवायच्या, पोरं खिदळायची, आणि मग बार.

बायकांच्या त्या रागाचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. तो स्वतः अकरा वर्षं त्याच खाणीत होता. छप्पर बसलं त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला. याला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, ते छातीत कोळशाची धूळ घेऊनच. चार पावलं चालला की खोकायचा. कानही सुरुंगांच्या आवाजांनी निम्मे गेलेले. पण बसल्या जागी यंत्राचा दांडा फिरवायला जमायचं, म्हणून हा धंदा. लग्न केलं नाही. भावाची बायको होती तोवर तिला पोसत होता.

त्या दिवशी त्याच्यापुढे मक्याचे आणि तांदळाचे सात-आठ डबे रांगेत ठेवलेले होते. डब्यांच्या मालकिणी थोड्या पलीकडे उन्हात गप्पा मारत होत्या. त्यांनीही आवाज ऐकला होता. एकीने ओरडून विचारलं, "प्यो काका, घसा बसला काय? ओरडायचं कुणी?"

प्योच्या हातातला ब्रश थांबला होता. कानांनी नाही, बुडाखालच्या दगडातून त्याला कळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलले ते त्याला ऐकू गेलं नसणार, पण बोंग्रेचं हसणं त्याने पाहिलं. गप्प बसला असता तर कुणी त्याला विचारलं नसतं. मी तर मनातल्या मनात विनवत होते, गप्प बस, बाबा, गप्प बस. माझा नवरा स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणी भरायचा. खाणीत माझं कुणी नव्हतं.

तो उठला. "हा बार माझा नाही," म्हणाला.

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल की!"

"माझा नाही!" यंत्राच्या उघड्या तोंडात हात घालून त्याने तो सगळ्यांना दाखवला. "भांडं रिकामं आहे. हा खाणीतला आहे. जा, पळा!"

बोंग्रे टोफू तसाच हातात धरून पळाली. मागून पाहिलं तर पाठीवरच्या लेकीचं डोकं नुसतं हेलकावत होतं. डबे तिथेच राहिले. प्योने भांडं धुण्याचं पाणी जाळावर ओतलं आणि तोही निघाला, दर दहा पावलांवर थांबत. मी त्याच्या मागे.

फाटकावर खाणीचा टोपीवाला साहेब हात जोडून सांगत होता, "काही झालेलं नाही, बायांनो. रोजचे सुरुंग आहेत. घरी जा." हादऱ्यानंतर पंधरा मिनिटांनी अपघाताचा भोंगा वाजला. तेव्हा तो खाली बसला.

नऊ माणसं गेली. गिल्मोला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर आणलं. बोंग्रेच्या दारात त्याच्या घरातल्या चपला तशाच होत्या, टाचा रस्त्याकडे आणि चवडे घराकडे करून. आमच्याकडे खाणवाल्यांच्या बायका तशाच ठेवतात, माणूस आत यावा म्हणून. कितीतरी दिवस त्या कुणी हलवल्या नाहीत.

पुढच्या बाजाराला प्यो आला, जाळ केला आणि बसून राहिला. एकही डबा आला नाही. गेल्या वेळचे बेवारस डबे त्याने पुसून ओळीने मांडून ठेवले होते. ज्यांचे होते त्यांनी येऊन उचलून नेले, शब्द न बोलता. एक म्हातारी मात्र बोलली. "नऊ जणांचं मरण तुझ्या तोंडातून निघालं. तुझ्या तोंडचं खाऊ कसं आम्ही?"

"आजी, मी नुसतं सांगितलं."

"तेच म्हणते मी. तूच सांगितलंस."

साहेबाला कुणी काही बोललं नाही. खाणीला बोलून उद्या घरातल्या दुसऱ्या माणसाला काम कोण देणार? प्योला बोलायला काही लागत नव्हतं.

त्याच्यानंतरच्या बाजाराला बाजाराचा मुखिया आला. "भाऊ, लोकांना आवाज सोसत नाही. महिनाभर जरा लांब बस."

"किती लांब?"

"पुलाखाली बस. आवाज तिकडे नदीत जाईल."

प्योने वाद घातला नाही. यंत्र हातगाडीवर चढवलं आणि पुलाखाली, काळ्या पाण्याच्या कडेला जाऊन बसला. मी दुपारी त्याला टोफूचा चोथा घालून केलेली आमटी नेऊन द्यायची. भातही. तो भात कमी खायचा आणि म्हणायचा, "चव आहे हां, वहिनी." एवढंच. मला त्याला सांगायचं होतं, त्या दिवशी मी आधी काय बोलले होते ते. बोलले नाही.

तिथेच एकदा बोंग्रे आली. मला पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. माझ्याकडून टोफू घेणं तिने त्या दिवसापासून बंद केलं होतं. ती प्योच्या समोर उभी राहिली.

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली.

प्योने कानामागे हात धरला.

"पंधरा मिनिटं होती माझी! भोंगा वाजेपर्यंत!" ती ओरडली. "तेवढा वेळ नवरा जिवंत होता माझा. मी हसत होते. टोफू घेत होते, रात्री त्याच्यासाठी काय करायचं ते ठरवत होते. तू काढून घेतलीस ती. तुला काय मिळालं त्यातून? आधी गेले म्हणून मी काय त्याला वर काढला? फाटकाच्या गजाला धरून उभी राहिले, एवढंच ना?"

प्यो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "माझा भाऊ गेला त्या दिवशी कुणी काही सांगितलं नाही. माझी भावजय सबंध दुपार नदीवर धुणं धूत होती. बायका-बायका हसत होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या. संध्याकाळी कळलं." त्याने नदीकडे हात केला. "इथंच. त्या दगडावर. नंतर चौदा वर्षं जगली ती, पण हसायला आलं की तोंडावर हात धरायची. मला म्हणायची, तो खाली गुदमरत होता तेव्हा मी हसत होते हो, भाऊजी. मरेपर्यंत तेच. त्या दिवशी तू हसलीस, ते मी पाहिलं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मला ते हसणं हवं होतं," बोंग्रे हळू म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं नाही. मीही त्याला मोठ्याने सांगितलं नाही. ती वर निघून गेली.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ती पुन्हा पुलाखाली आली. डोक्यावर तांदळाचं मडकं. दुसऱ्या दिवशी गिल्मोचा एकोणपन्नासावा होता, आमच्याकडे गेलेल्या माणसाला शेवटचा निरोप देतात तो दिवस. नैवेद्याच्या गोड वड्यांना वरून फुगलेला तांदूळ लागतोच, आणि दुसरं यंत्र वीस कोसांत नव्हतं. मी पुलाच्या कठड्याशी होते, खाली गेले नाही.

"साखरेची पूड घालू?" प्योने विचारलं.

"घाल. त्याला गोड आवडायचं."

त्याने तांदूळ भांड्यात ओतला, झाकण आवळलं, जाळावर धरलं आणि दांडा फिरवायला लागला. दाबाचा काटा चढायला दहा मिनिटं लागतात. ती तेवढा वेळ त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिली, जाळाकडे बघत. मध्येच त्याचा हात थकला तेव्हा तिने दांडा घेतला आणि फिरवला.

काटा वर आला. प्योने भांडं जाळीत टेकवलं, खुणेनेच तिला मागे सरायला सांगितलं आणि ओरडला. आवाज फुटका निघाला. मग लोखंडी कांबीने झाकणाला हिसका दिला.

पांढरा धूर पुलाखाली भरून राहिला. वर डोंगरावर, खाणीच्या चाळीत, पाच-सहा दारं उघडली. बायका बाहेर आल्या, पुलाकडे धूर पाहिला, क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

मडकंभर तांदळाची कमरेएवढी गोणी झाली. बोंग्रेने ती पाठीवर घेऊन पाहिली, पण वारा होता आणि गोणी तिला वाऱ्यावर ओढत होती. प्योने उठून एक टोक धरलं.

"तुझ्याच्याने चढ चढवेल का?" तिने विचारलं.

"वजन कुठे आहे त्याला?" तो म्हणाला.

दोघं चढावर निघाले, ती पुढे, तो मागे. विझत आलेला जाळ आणि यंत्र तसंच उघडं टाकून. तो वाटेत तीनदा थांबला, वाकून खोकला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पण आपलं टोक खालीही ठेवलं नाही. तो पुन्हा चालू लागेपर्यंत ती गोणी तशीच अधांतरी धरून उभी राहायची.