आज कुठवर?

बोटं भिंतीवरून चालत चालत दाराच्या चौकटीच्याही वर गेली, तशी ती दचकली. हात पार सरळ झाला होता. कुठे कळ नाही, कुठे कुरकुर नाही. आखडलेला खांदा सुटायला लागल्याची धास्ती महिनाभर होतीच; आज तो पुरता सुटला. आणि ही बाई आनंदानं ओरडायचं सोडून चोरासारखी इकडंतिकडं बघत होती. घरात बघायला होतं कोण? एक ती आणि एक फ्रीज.

तिनं हात खाली घेतला. कालच्या खुणेच्या जेमतेम नखभर वर पेन्सिलीनं रेघ ओढली, बोटं तिथं टेकवून फोटो काढला आणि फोनवरच्या गटावर टाकला. खाली लिहिलं, ‘आज इथवर. ठणका आहेच.’

खोटं बोलायची तिला सवय नव्हती असं नाही. बुटांच्या दुकानात उमर गेली होती. ‘वापरून सैल होतील हो’ हे वाक्य ती दिवसातून किती वेळा म्हणायची, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण ते धंद्यातलं खोटं. ते कोणी कोणाच्या नावावर मांडत नाही. हे निराळं होतं. हे सकाळी दात घासायच्या आधी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीवर बोललेलं खोटं होतं.

खांदा आखडला तेव्हा हात छातीच्या वर जाईना. वेणी घालता येईना, दुकानातल्या वरच्या खणातलं खोकं निघेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर एक ॲप घालून दिलं. त्यात असल्याच आखडलेल्यांचा एक गट होता. कोणा गमत्यानं त्याचं नाव ठेवलं होतं ‘खांदेकरी’. पहिल्या दिवशी तिच्या अंगावर काटा आला; आठवडाभरात तिलाही त्याचं हसू येऊ लागलं. तिथं खरं नाव कोणी लावायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही. तिनं आपलं नाव घेतलं ‘वरचा खण’. त्याची लगेच ‘खणताई’ झाली.

रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवायची, पोचतील तिथं रेघ मारायची, फोटो टाकायचा. काम एवढंच. पण एखाद्या दिवशी उशीर झाला की गटावर प्रश्न यायचा, ‘खणताई, आज कुठवर?’

हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. गिऱ्हाइकं विचारायची, ती आपापल्या पायाबद्दल. लांब दिलेली बहीण सुट्टीच्या दिवशी फोन करायची आणि ‘बरी आहेस ना?’ अशा सुरात म्हणायची की ‘हो’शिवाय दुसरं उत्तर देणं उद्धटपणाचं वाटावं. ‘आज कुठवर’ला मात्र रोज नवं उत्तर लागायचं. आणि ते ऐकायला कोणीतरी थांबलेलं असायचं.

बहुतेक वेळा थांबलेला असायचा रंगारी. तो खराच घरं रंगवणारा होता. हात आखडला आणि ब्रश छतापर्यंत जाईना. तो पेन्सिल वापरत नसे. हात जाईल तिथवर भिंत रंगवून टाकायचा. त्याच्या फोटोत खाली नवा पिस्ता रंग, वर जुनी पिवळट भिंत. ‘खणताई, तुम्ही आणि मी बरोबर निघालोय, बरोबर पोचू. मागे राहिलात तर थांबेन, पुढे गेलात तर हाक मारेन,’ असं तो लिहायचा.

गटाचा एक रिवाज होता. ज्याचा हात वर पोचला, त्याला निरोप. बाकीच्यांनी आपापले हात जातील तेवढे वर करून फोटो टाकायचे, आणि मग गट चालवणाऱ्या मॅडम त्याचं नाव काढून टाकायच्या. जागा मोजक्या, ताटकळणारे पुष्कळ; मॅडमचा हिशेब चोख होता. तिनं आजवर कितीतरी निरोपांना हात वर केला होता, आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, ‘गेला बिचारा.’ बऱ्या झालेल्याला बिचारा म्हणणारी त्या गटात ती एकटीच असावी.

दुकानात शिरल्या शिरल्या काउंटरवरचीनं तिला गाठलं.

“काय गं, काल त्या बाईंना वरच्या खणातले बूट कोणी काढून दिले?”

“मी.”

“शिडी न घेता?”

“शिडी लांब होती.”

“आणि फोनवर मात्र ठणका! दिसतं मला इथून. चष्मा नवा आहे माझा.”

“दुसऱ्याच्या फोनात डोकावू नये.”

“मग आरशासारखा नाकासमोर धरू नये. बरी झालीस तर सांगून का टाकत नाहीस?”

“बरं झालं की काढतात.”

“कुठून?”

“तिथून.”

काउंटरवरची हसायला लागली. “अगं, बरं झालं की घरी पाठवतातच. दवाखाना म्हणतात त्याला.”

“घरी काय आहे?” ती बोलून गेली आणि लगेच खोक्यांकडे वळली. “सात नंबरचे काळे कुठे कोंबलेस तू?”

काउंटरवरचीनं खालच्या खणाकडे बोट केलं. तोंडाळ होती, पण कुठं थांबावं ते तिला कळायचं.

दुपारी एका गृहस्थांच्या पायात ती बूट चढवत होती, तेवढ्यात फोन थरथरला. गुडघ्यावर बसल्या बसल्याच तिनं पाहिला. रंगाऱ्यानं लिहिलं होतं.

‘मॅडम, माझं नाव काढा. खणताईंकडे बघून मी रोज भिंत धरत होतो. त्यांच्यासारखी नेटाची बाई, आणि महिना झाला त्यांचा हात तिथल्या तिथं. म्हणजे या दुखण्याची वाट इथंच संपते. पोरगा कधीपासून म्हणतोय, बाबा शिड्या विकून टाका. संध्याकाळी न्यायला येतोय माणूस. सगळ्यांना नमस्कार.’

“अहो, दुसरा?” गृहस्थ म्हणाले.

“दुसरा कोण?”

“बूट हो!”

तिनं बूट त्यांच्या हातात दिला आणि उठली. गिऱ्हाइकाला असं अर्ध्यावर तिनं उभ्या नोकरीत सोडलं नव्हतं. मागच्या खोलीत जाऊन तिनं काउंटरवरचीला हाक मारली. “इकडे ये. फोटो काढ माझा.”

“आता? मालक येतील.”

“येऊ देत.”

ती फडताळापुढं उभी राहिली, हात वर केला आणि सगळ्यात वरच्या खणाची कड मुठीत धरली. फोटो गटावर गेला. खाली तिनं लिहिलं, ‘रंगारी, शिड्या विकू नका. माझा हात महिनाभर वर वर जातोय. व्यायाम खरा होता, रेघ खोटी होती.’

कोणीतरी विचारलं, ‘पण का, ताई?’

तिनं लिहिलं, ‘तुम्ही रोज विचारता म्हणून.’

मॅडमनी लिहिलं, ‘हे बरं केलं नाहीत. तरी अभिनंदन.’ मग एकेक हात येऊ लागला. कोणाचा स्वयंपाकघरातून, कोणाचा पलंगावरून, एक गाडीच्या स्टीअरिंगमागून. कोणी कमरेपाशी अडलेलं, कोणी हनुवटीपाशी. ती एकेक उघडून बघत होती.

सगळ्यांत शेवटी रंगाऱ्याचा आला. हातात कोरडा ब्रश, हात कानाच्या उंचीवर, फोटो हललेला. खाली एवढंच, ‘मग माझाही जाईल म्हणता, खणताई?’

तिनं भराभर लिहिलं, ‘जाईल हो. रोज सांगत जा मला, आज कुठवर.’ आणि बटण दाबलं. निरोप गेलाच नाही; फोननं कळवलं की आपण आता या गटात नाही.

मॅडम वक्तशीर होत्या. तिला रंगाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. माहीत होती ती एक अर्धी रंगवलेली भिंत. अशी भिंत शोधायला निघायचं तर कुठून निघायचं?

“काय झालं गं?” काउंटरवरचीनं विचारलं.

“काही नाही. बरी झाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती बसच्या थांब्यावर नेहमीपेक्षा लवकर आली. थांब्यावर कोणी नव्हतं. उभी असता असता तिचा हात आपोआप वर गेला, कोपर सरळ, बोटं ताठ. एक बस करकचून थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

“चला, चढा लवकर.”

“ही माझी नव्हे.”

“मग हात कशाला केलात वर?”

“जातो आता, म्हणून.”

खिडक्यांतून दोन-चार तोंडं वळली. मग कंडक्टरनं घंटी मारली. बस वळणाआड गेली. वर केलेला हात खाली घ्यायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.