तांबडी बसली

पारमुआतच्या सफारीच्या गाडीत त्या आठवड्यात दोनच पाहुणे होते, हॉलंडहून आलेले हेंड्रिक आणि त्यांची बायको आनेके. आनेकेबाईंना पक्ष्यांचं वेड. एखादा निळा पक्षी फांदीवर दिसला की लहान मुलीसारख्या त्या पारमुआतचा खांदा धरून हलवायच्या. हेंड्रिकना मात्र एकच गोष्ट बघायची होती, शिकार. हत्ती झाले, जिराफ झाले, बाभळीवर पाय सोडून झोपलेला बिबट्याही झाला.

"सगळे झोपलेलेच दिसतात," हेंड्रिक म्हणाले. "झोपलेलं मांजर तर आमच्या घरीही आहे."

आज त्यांचा शेवटचा दिवस होता.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावाकडच्या माळावर गवताची मुळंसुद्धा उरली नव्हती. जे काही हिरवं होतं ते राखीव जंगलात, ओढ्याच्या काठाला, आणि तिथे गुरं नेली तर रेंजर पकडून नेत. म्हणून सगळा गाव रात्री गुरं आत घालायचा आणि तांबडं फुटायच्या आत बाहेर काढायचा. पारमुआतच्या घरची गुरंही त्याचा थोरला भाऊ मेइतामेई अशीच नेत होता. गाइडचं लायसन खिशात असलेल्या माणसानं त्याबद्दल घरात विचारू नये आणि बाहेर बोलू नये, एवढं पथ्य पारमुआत पाळायचा.

सकाळी ऊन चढू लागलं तसा रेडिओ खरखरला. पलीकडे कामाऊ होता, दुसऱ्या कॅम्पचा ड्रायव्हर.

"अरे मसाई, झोपलास काय? ओढ्याच्या वळणावर ये. चार सिंहिणी आहेत, कशावर तरी डोळा ठेवून बसल्यात. तुझ्या साहेबाचं नशीब उघडलं!"

हेंड्रिकनी लगेच मोठी लेन्स चढवली. पारमुआतनंही गाडी जोरात काढली. पाहुण्यांना हवं ते दाखवायला मिळालं की त्याला मनापासून आनंद व्हायचा.

वळणावर झुडपांच्या सावलीत सिंहिणी पडल्या होत्या, माना ताठ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पारमुआतनं त्या दिशेला पाहिलं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

समोर उघड्यावर एक गाय बसली होती. तिच्याजवळ लाल शाल पांघरलेला माणूस भाला रोवून उभा होता. मेइतामेई. आणि गाय पारमुआतच्या बायकोची, सिमालोईची तांबडी. लग्नात सिमालोईच्या बापानं दिलेली, एक शिंग खाली वळलेली. पारमुआतची तिन्ही पोरं तिच्या दुधावर वाढली होती.

"तो माणूस तिथे काय करतोय?" आनेकेबाई घाबरून म्हणाल्या. "सिंहिणी त्याला खातील!"

"नाही खाणार," पारमुआत म्हणाला. "लाल कपड्याला त्या ओळखतात. तो उभा आहे तोवर पुढे येणार नाहीत."

"मग कशाची वाट बघतायत?"

"तो जायची."

त्यानं गाडी सिंहिणी आणि गाय यांच्या मधोमध नेऊन उभी केली आणि काच खाली केली. मेइतामेई पहाटेपासून उभा असावा. ओठांना पापुद्रे आले होते. तरी धाकट्याला बघून तो हसला.

"या, गाडीवाले या! आज घरच्यांनाच बघायला आलात का?"

"दादा, हे काय झालं?"

"काय व्हायचं? पहाटे बाहेर निघताना बसली. बाकीची गुरं मी माझ्या सासऱ्याबरोबर पुढे धाडली. शेपूट धरतो तर डोकं खाली जातं, शिंगं धरतो तर मागचं धड उठत नाही. माझे हात दोन, हिला टोकं दोन. तू उतर, चल."

पारमुआतचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. आत पाहुणे असताना गाडीतून उतरायचं नाही, हा पहिला नियम. लायसन जाईल. लायसन गेलं तर या दुष्काळात घरात पीठ कुठून येणार? तोवर आणखी गाड्या येऊ लागल्या होत्या. कोणीतरी रेडिओवर ओरडलं, "अरे, मध्ये कोण उभा आहे? आमच्या पाहुण्यांना दिसत नाही!"

"पारमुआत," आनेकेबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्याला ओळखता का?"

"माझा भाऊ आहे. गाय माझ्या बायकोची."

हेंड्रिकनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "उतरा मग," ते म्हणाले. "आम्ही कोणाला सांगणार नाही."

पण बघणारे काय दोघेच होते? पारमुआत तरीही उतरला. त्यानं मागे जाऊन शेपटाचं मूळ धरलं, मेइतामेईनं शिंगं धरली. "हो!" म्हणून दोघांनी जोर लावला. तांबडीचं मागचं धड वीतभर उठलं आणि धपकन खाली आलं. कातडीखाली हाडं अशी हलली की पारमुआतला हातांत कळली.

मागून दार आपटल्याचा आवाज आला. कामाऊ बाह्या सरसावत येत होता.

"जन्मभर गुरं राखणाऱ्या मसाईंना गाय उठवता येत नाही, हे माझ्या आज्याला सांगितलं तर तो कबरीत हसेल," तो म्हणाला. "पोटाखाली मी घेतो. सरका."

तिघांनी मिळून उचललं. आणि तांबडी उभी राहिली! चारही पाय थरथरत होते, पण ती उभी होती. गाड्यांमधून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मेइतामेई तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागला, "चल बाई, चल. वासरू वाट बघतंय. चल गं माझी." तिनं एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. मग पुढचे गुडघे मुडपले आणि ती पुढच्या बाजूला कोसळली. या वेळी तिनं मानही जमिनीवर टाकली.

"पाणी दाखवा तिला," कामाऊ म्हणाला.

पारमुआतनं पाहुण्यांचं बाटलीतलं पाणी तिच्या तोंडात ओतलं. ते जिभेवरून मातीत गेलं.

"गाडीला दोर लावून ओढू," तो म्हणाला.

"मोडेल रे ती," मेइतामेई म्हणाला. "तुलाही माहीत आहे."

तेवढ्यात रेंजरांची हिरवी जीप आली. कळवणारा कोण, ते कधीच कळलं नाही. उतरलेला रेंजर पलीकडच्या गावचा मसाईच होता. त्यानं मान खाली घालून मेइतामेईला वडीलधाऱ्यासारखा नमस्कार केला.

"काका, मला करायचं नाहीये हे. पण एवढ्या गाड्यांनी बघितलंय. चला."

"येतो," मेइतामेई म्हणाला. "तेवढी हिला मोकळी करू दे. जिवंत खायला नको देऊस त्यांना." त्यानं भाला उचलला.

"आत जनावर मारलं तर गुन्हा वाढतो, काका. भाला द्या इकडे."

"माझी गाय मारायला तुझी परवानगी?"

"माझी नाही. त्यांची." त्यानं हात कुठेतरी शहराच्या दिशेला केला. "मी बांधलेला आहे. द्या."

मेइतामेईनं पारमुआतकडे पाहिलं. पारमुआतला वाटलं, भाला हिसकावून घ्यावा, एका घावाचं तर काम आहे. पण रेंजरच्या खांद्याला बंदूक होती, आणि भावावर आधीच एक गुन्हा लागला होता. मेइतामेईनं भाला दिला, वाकून तांबडीच्या कपाळावर हात ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसला. जाताना म्हणाला, "तुझ्या बायकोला मीच सांगेन." मग त्याला आठवलं असावं, की आज तो घरी जाणार नाही.

रेंजरनं सगळ्या गाड्यांना मागे हटायला लावलं. पारमुआतनं गाडी मागे घेतली. मागे चार-पाच गाड्या अडकून उभ्या होत्या. निघायला वाट नव्हती.

"खिडक्या बंद करू का?" आनेकेबाईंनी विचारलं.

त्यानं काचा वर केल्या, तोच सिंहिणी उठल्या. धावल्यासुद्धा नाहीत. तांबडी एकदाच ओरडली, आणि तो आवाज बंद खिडक्यांतूनही आत आला. आनेकेबाईंनी चेहरा झाकून घेतला. हेंड्रिकचा कॅमेरा दोनदा वाजला. मग थांबला.

"माफ करा," हेंड्रिक म्हणाले. "सवयीनं झालं."

"असू द्या," पारमुआत म्हणाला. समोर बघत तो वाट मोकळी व्हायची वाट बघत राहिला.

कॅम्पवर मॅनेजरनं त्याला बोलावलं. उतरल्याबद्दल महिनाभर गाडी मिळणार नव्हती; लायसनचं वर ठरणार होतं. पारमुआतनं "बरं" म्हटलं.

तो चालत घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. बातमी त्याच्या आधीच पोचली होती. सिमालोई गुरांच्या काटेरी कुंपणाशी तांबडीचं वासरू घेऊन बसली होती.

"दादांना कधी सोडतील?" तिनं विचारलं.

"उद्या जाऊन बघतो. दंड भरला की सोडतात म्हणे."

ती थोडा वेळ वासराचे कान कुरवाळत राहिली.

"सिंह आले तेव्हा ती जिवंत होती का?"

"नाही," पारमुआत म्हणाला. "आधीच गेली होती."

सिमालोईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती उठली आणि वासराला ओढत दुसऱ्या एका दुभत्या गाईपाशी घेऊन गेली. गाईनं हुंगलं आणि लाथ झाडली. सिमालोईनं वासराला पुन्हा पुढे केलं. गाईनं पुन्हा लाथ झाडली.

"धर जरा हिला," सिमालोई म्हणाली.

पारमुआतनं पुढे होऊन गाईची शिंगं धरली.